0-2 वरून 3-2! झोनलची सेमी, तेरा पोरं आणि प्रदर्शनवाल्यांचा मुरूम

कृष्णाकाठचा

मंडळी, परवाची आंतरमहाविद्यालयीन झोनल (विभागीय) फुटबॉलची सेमी कुणी बघितली का? नसणारच. तारेच्या कुंपणाला टेकून उभे असलेले आम्ही मोजके लोक, दोन्ही टीमची राखीव पोरं, एक चहावाला आणि पलीकडं टेनिस बॉलवर क्रिकेट खेळणारी गँग, एवढंच पब्लिक. पेपरात तीन ओळी आल्या त्यात पण स्कोअर उलटा छापलाय, म्हणजे आमची पोरं जिंकूनसुद्धा हरली. म्हणून धागा काढतोय. कॉलेजांची नावं लिहीत नाही, पोरांची पण नाही, सांगली मिरजेतल्या ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

आधी सीझन कसा गेला ते सांगतो, त्याशिवाय मजा कळणार नाही. जूनला ट्रायलला बावीस पोरं होती, सेमीला उरली तेरा. खेळ येत नव्हता म्हणून कुणी गेलं नाही हां. आमचे जिमखान्याचे सर मे महिन्यात रिटायर झाले, जागा भरली नाही, तासिका तत्त्वावर एक सर आले ते मूळचे व्हॉलीबॉलचे. माणूस सोन्यासारखा, पण पहिल्या दिवशीच म्हणाले पोरांनो मला फुटबॉलमधलं फार कळत नाही, तुम्ही शिकवा मी शिस्त बघतो. जुलै ऑगस्ट ग्राउंडवर पाणी. आपली काळी माती, एकदा भिजली की आठ दिवस बॉल टप्पा घेत नाही. पाणी ओसरलं तर ग्राउंड प्रदर्शनाला दिलं, स्टॉल, पाळणे, भेळेच्या गाड्या, सगळं बसलं आणि पोरं बाहेर रस्त्यावर पळायला लागली. कॅप्टनचा गुडघा गेला, एसीएल, म्हणजे आतली लिगामेंट. तीन चांगल्या पोरांचे एलिजिबिलिटीचे (पात्रतेचे) फॉर्म ऑफिसात कुठल्या तरी फायलीखाली राहिले, तारीख गेली, विषय संपला. दोन पोरं तासगाव साईडची, त्यांची ऑक्टोबर छाटणी तोंडावर, बापानं सरळ सांगितलं बागेत माणूस मिळत नाही, फुटबॉल पुढच्या वर्षी. बापाचं पण चुकलं असं मी म्हणणार नाही, परतीचा पाऊस डोक्यावर असताना द्राक्षवाल्याला सेमीफायनल काय सांगायची.

सीझनमधले सराव सामने म्हणजे नुसता मार. शहरातल्या मोठ्या पोरांच्या टीमनं पाच घातले, दुसऱ्यांनी सहा. झोनलला पहिल्या राउंडला समोरची टीम आलीच नाही, पुढे चाल मिळाली. क्वार्टर टायब्रेकरवर काढली, ती कशी काढली ते विचारू नका. आणि सेमीला समोर कोण तर हॉस्टेल असलेलं इंजिनिअरिंग कॉलेज, वर्षभर एकत्र राहणारी, एकत्र खेळणारी पोरं, सगळ्यांचे मोजे एका रंगाचे. आमच्यात एक फुल बॅक कवठेमहांकाळचा, मूळचा कबड्डीवाला, आणि लेफ्ट विंगर खो-खो खेळणारा. अकरा भरायचे म्हणून घेतलेली पोरं ही.

उजेड लवकर जातो म्हणून हाफ पस्तीस पस्तीस मिनिटांचे ठरवले. पहिल्या हाफला आम्ही संपलो होतो. त्यांचा लेफ्ट विंगर रस्त्याच्या बाजूनं असा सुटायचा की आमचा राईट बॅक नुसता वळून बघायचा. दोन गोल, दोन्ही तिथूनच. आमचा खो-खोवाला दुसऱ्या टोकाला चिखलात अडकलेला, पाय उचलेपर्यंत बॉल गेलेला असायचा. स्टडच्या मधे माती गच्च बसून तळवा सपाट झालेला, त्यात ग्रिप काय राहणार.

हाफटाइमला मी अगदी जवळ उभा होतो. भाषण वगैरे काही झालं नाही. पोरं खराट्याच्या काड्यांनी स्टड कोरत बसलेली. व्हॉलीबॉलवाले सर म्हणाले, बॉल कुठं पळतोय आणि कुठं थांबतोय एवढं मला सांगा. कुणी बोलेना. मग राखीव गोलकीपर, जो पहिला हाफभर कडेनं बॉल आणून द्यायचं काम करत होता, तो म्हणाला सर रस्त्याकडची दहा बारा पावलांची पट्टी कडक आहे, तिथं प्रदर्शनवाल्यांनी स्टॉलखाली मुरूम टाकलावता तो तसाच आहे. बाकी सगळा रेंदा.

बस. तिथनं मॅच फिरली असं माझं मत. सर म्हणाले मग सगळा बॉल त्या पट्टीवरनंच. मधनं कुणी पास खेळायचा नाही. पट्टी आता आपल्या डाव्या हाताला येणार, खो-खोवाल्याला बॉल द्या आणि कबड्डीवाल्याला त्याच्या मागं डावीकडं घ्या.

पहिला गोल सेकंड हाफ सुरू झाल्या झाल्या. खो-खोवाला पट्टीवरनं पळाला, बॉल आत मारला, आमच्या सेंटर फॉरवर्डनं नुसता पाय लावला. 1-2. दुसरा गोल थ्रो-इनवर. कबड्डीवाल्याचे खांदे बघितले तर कळेल, थ्रो म्हणजे कॉर्नरच असतो त्याचा. त्यानं डिफेंडरच्या मागं उभ्या असलेल्या पोराला डायरेक्ट टाकला, पोरगं वळलं आणि खालनं मारला. त्यांनी हात वर करून ऑफसाईड ऑफसाईड ओरडून घेतलं, रेफरीनं सेंटरकडं बोट दाखवलं. 2-2.

तिसऱ्याची तर गोष्टच वेगळी. तीन चार मिनिटं राहिलेली. त्यांच्या स्टॉपरनं, म्हणजे मधल्या डिफेंडरनं, गोलीकडं बॅकपास दिला, बॉल गोलसमोरच्या डबक्यात थांबला, मेला तिथंच. आमचा फॉरवर्ड सुटला, गोली पुढं आला आणि वाकून बॉल हातात घेतला. शिट्टी! इनडायरेक्ट फ्री किक (दुसऱ्या कुणाचा टच लागल्याशिवाय गोल धरत नाहीत ती), गोलपासून फार तर तीन मीटरवर. असली किक मी अख्ख्या आयुष्यात ग्राउंडवर बघितली नव्हती. त्यांचे अकराच्या अकरा जण गोललाईनवर दोन खांबांच्या मधे, एकमेकांचे हात धरून. रेफरीचा हात वर. कबड्डीवाल्यानं बॉलला टच दिला, मिडफिल्डरनं फोडला, कुणाच्या तरी नडगीला लागून परत आला, परत मारला, परत लागला, मग त्या ढिगाऱ्यात आमच्या सेंटर फॉरवर्डचा गुडघा का मांडी का काय ते लागलं आणि बॉल लाईनच्या आत. 3-2.

संपल्यावर सर बूट हातात घेऊन अनवाणी पोरांच्यात नाचत होते.

---

तालमीतला_गडी

भावा नाद खुळा! पैलं तर अभिनंदन. दुसरं म्हंजे सांगलीत बी फुटबॉल खेळत्यात हे वाचून बरं वाटलं (हलकं घ्या). आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमला पाटाकडील विरुद्ध बालगोपाल, नाहीतर खंडोबा विरुद्ध दिलबहार असू दे, सगळ्या तालमींच्या टीम, पेठेच्या पेठा खाली उतरत्यात. त्यात चार मिनिटं राहिली असताना बॉक्समधे इनडायरेक्ट मिळाली असती तर कुंपण आत आलं असतं.

पण एक सांगतो, तुमचं वाचून वाईट बी वाटलं. आमच्याकडं तालीम हाय म्हणून पोरगं टिकतंय. कॉलेजनं ग्राउंड न्हाय दिलं तर तालमीचं हाय, सर न्हाईत तर जुना प्लेअर हाय. अनिकेत जाधव 2017 ला अंडर-17 वर्ल्ड कपला भारताकडनं खेळला, कोल्हापूरचा पोरगा, तो काय हवेतनं न्हाय आला, पुण्याला क्रीडा प्रबोधिनीला गेला म्हणून घडला पण खेळाचं येड इथलं. तुमच्याकडं सगळं कॉलेजवर, आणि कॉलेजनं फॉर्मच न्हाय पाठवला तर सपलं.

---

मिरजमार्गे

तालमीतले राव, सांगलीला काय म्हणायचं ते म्हणा, मिरजेला मधे ओढू नका. आमच्या लहानपणी रेल्वे कॉलनीच्या मैदानात संध्याकाळी जागा मिळायची नाही. अनवाणी खेळायचो, बॉल कातडी, पावसात भिजला की हेडर मारणाऱ्याला रात्री ताप. वय झालं आता, पण मॅच असली की जातो. ही पण बघितली, कृष्णाकाठचा ज्या मोजक्या लोकांबद्दल लिहितोय त्यात पांढऱ्या टोपीवाला मी.

वर्णन चांगलं केलंय, पण एक गोष्ट राहिली. 0-2 झाल्यावर आपला मुख्य गोलकीपर पोस्टला डोकं टेकवून उभा होता. दुसरा गोल त्याच्या हातातनं सुटला होता. हाफटाइमला तो कुणात मिसळला नाही. आणि तो राखीव पोरगा, ज्याला आत यायची संधी तिथंच होती, त्यानं सरांना आपल्याला घ्या असं म्हटलं नाही. त्यानं स्वतःचे कोरडे हातमोजे काढून ह्याला दिले. मी बघितलं. सेकंड हाफला त्या गोलकीपरनं एक वन-टू-वन अडवलाय, 1-2 असताना. तो गेला असता तर 1-3 आणि हा धागा निघाला नसता.

---

पलीकडचा_स्टँड

नमस्कार. मी "एका रंगाचे मोजे" वाल्या कॉलेजचा, गेल्या वर्षी पास आउट झालो, मॅचला होतो. अभिनंदन मनापासून, पोरं पळाली हे मान्य. पण धागा एकतर्फी होऊ नये म्हणून तीन गोष्टी.

थ्रो-इनवाला गोल. तुमचा प्लेअर आमच्या शेवटच्या डिफेंडरच्या मागं किमान दोन मीटर होता. मोबाईलवर व्हिडिओ आहे.

मग ते सरांचं डोकं वगैरे. अहो, हाफटाइमला बाजू बदलतात! पहिल्या हाफला मुरमाची पट्टी तुमच्या उजव्या हाताला होती, दुसऱ्या हाफला आपोआप डाव्या हाताला आली. तुमचा वेगवान पोरगा लेफ्ट विंगर, तो काही न करता सुक्यात आला आणि आमचा लेफ्ट विंगर काही न करता चिखलात गेला. ह्यात स्ट्रॅटेजी कुठं आहे, टॉस आहे फक्त.

आणि तिसरा गोल. आमच्या गोलीनं आधी पाय मारला होता. किक मारायला गेला, पाय घसरला, बॉल हुकला, मग उचलला. म्हणजे फाउल नाहीच. ती किक द्यायलाच नको होती. पोरगं दोन दिवस जेवलं नाहीये.

---

नुसताच_वाचक

अकरा जण गोललाईनवर हात धरून म्हणजे सेंड ऑफचा ग्रुप फोटोच की. कुणी काढला असेल तर टाका राव.

---

शिट्टी

मी जिल्ह्यात रेफरीचं काम करतो. ह्या मॅचला मी नव्हतो, आणि ज्यानं केली त्याला ओळखतो म्हणून निर्णय बरोबर का चूक ह्यावर बोलणार नाही. फक्त नियम सांगतो.

थ्रो-इनवर ऑफसाईड नसतोच. गोलकिक, थ्रो-इन आणि कॉर्नर, ह्या तिन्हीवर बॉल डायरेक्ट मिळाला तर प्लेअर कुठंही उभा असू दे. दोन मीटर काय वीस मीटर मागं असला तरी चालतं. पलीकडचा_स्टँड, तुमचा व्हिडिओ त्यामुळं तुमच्याच विरुद्ध जातो. दरवर्षी कॉलेजच्या मॅचला ह्यावर भांडण होतं, एकदा तर सरांनीच टीम बाहेर काढलेली बघितलीय.

हाफ पस्तीस मिनिटांचा करता येतो, पण मॅच सुरू व्हायच्या आधी रेफरी आणि दोन्ही टीम राजी पाहिजेत आणि स्पर्धेच्या नियमात बसलं पाहिजे. मधेच ठरवता येत नाही.

बॅकपासचं मात्र तुम्ही म्हणताय त्यात दम आहे. 1992 पासून नियम असा की आपल्याच माणसानं पायानं मुद्दाम दिलेला बॉल गोलीनं हातात घ्यायचा नाही, घेतला तर इनडायरेक्ट. पण 2019 ला त्यात भर पडली. गोलीनं बॉल खेळात टाकायला स्पष्टपणे किक मारली किंवा मारायचा प्रयत्न केला आणि ती फसली, तर तो त्यानंतर हात लावू शकतो. म्हणजे तुमच्या गोलीनं खरोखर पाय फिरवला असेल तर बॉल उचलणं कायदेशीर. नुसता घसरत घसरत आला आणि वाकला असेल तर फाउल. हे रेफरीला जे दिसलं ते. आपल्याकडं व्हीएआर (व्हिडिओ बघून निर्णय तपासायची सोय) नाही, लाईनवरचे असिस्टंट पण बऱ्याचदा हरलेल्या कॉलेजची पोरं झेंडा घेऊन उभी केलेली असतात.

किकची जागा पण सांगून ठेवतो. फाउल गोलपासून तीन मीटरवर झाला तरी किक तिथनं घेत नाहीत, गोल एरियाच्या पुढच्या लाईनवर आणतात, म्हणजे साडेपाच मीटर. सव्वानऊ मीटर लांब उभं राहायला जागाच नसते म्हणून डिफेन्सवाले गोललाईनवर दोन पोस्टच्या मधे उभे राहू शकतात. तेवढं रेफरीनं बरोबर केलं असं वर्णनावरनं दिसतंय.

---

कृष्णाकाठचा

शिट्टी सर, धन्यवाद, हे साडेपाच मीटरचं लक्षात आलं नव्हतं, मला वाटलं गोंधळात बॉल मागं सरकला.

पलीकडचा_स्टँड, गोलीनं पाय मारला का नाही हे मी तीस पस्तीस पावलांवरनं बघितलंय, मला तो सरळ वाकताना दिसला. तुम्ही गोलमागं होता, तुम्हाला वेगळं दिसलं असेल. ह्यावर आपण दोघं मरेपर्यंत भांडू शकतो. पण तुमच्या पोराला सांगा, डबक्यात बॉल थांबवणारा तो नव्हता, त्या ग्राउंडवर गोलीकडं बॅकपास देणाऱ्याला धरा.

बाजू बदलण्याचं म्हणाल तर मान्य, पट्टी आपोआप आली. पण तुमची टीम सेकंड हाफला काय करत होती? पहिले वीस मिनिट बॉल मिळाला की डावीकडं, डावीकडं, डावीकडं. पहिल्या हाफला तिथं पिकलं म्हणून दुसऱ्याला पण तिथंच पेरत बसला. तुमचा तो भारी विंगर घोट्यापर्यंत चिखलात उभा राहून हात करत होता आणि तुमच्या उजव्या बाजूची पट्टी मोकळी. कुणीतरी बाहेरनं ओरडून सांगायला पाहिजे होतं. आमच्याकडं ज्याला फुटबॉल कळत नाही त्यानं ग्राउंडबद्दल विचारलं, तुमच्याकडं ज्यांना कळतं त्यांनी विचारलं नाही. टॉस दोघांना एकच होता.

---

पलीकडचा_स्टँड

हे मात्र लागलं. आमचा कोच लॅपटॉपवर फॉर्मेशन दाखवतो. चार तीन तीन.

---

रात्रपाळी

हाफटाइमचा विषय निघालाच आहे म्हणून. 2005 ची चॅम्पियन्स लीगची इस्तंबूलची फायनल मी रात्री जागून बघितलेली. लिव्हरपूल मिलानकडनं हाफटाइमला 0-3. सगळे म्हणतात लिव्हरपूलचा कॅप्टन जेरार्डनं जिद्द दाखवली, पब्लिकनं गाणं म्हटलं, वगैरे. जिद्द होतीच, पण हाफटाइमला त्यांचा कोच बेनिटेझनं फिनन ह्या राईट बॅकला काढून हमान ह्या मिडफिल्डरला मधे घातला, मागं तीन जण ठेवले, आणि मिलानचा काका नावाचा प्लेअर जो मोकळा फिरत होता त्याच्या वाटेत माणूस आला. मग सहा मिनिटांत तीन गोल आणि पुढं पेनल्टीवर काढली. जिद्द पहिल्या हाफला पण असते हो, 0-3 होताना कोण काय मुद्दाम झोपलेलं नसतं.

त्यामुळं मला ह्या मॅचमधे राखीव गोलकीपरचं वाक्य सगळ्यात भारी वाटलं. अख्ख्या टीममधे तो एकटाच पूर्ण ग्राउंड चालून आलेला.

---

मिरजमार्गे

रात्रपाळी, तुमचं इस्तंबूल असेल, आमचं जकार्ता. 1962 ची एशियन गेम्स. पहिलीच मॅच भारत दक्षिण कोरियाकडनं 0-2 हरला. पुढं जर्नेलसिंगच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. हा माणूस मूळचा स्टॉपर, डिफेन्सचा खांब. कोच रहीम साहेबांनी त्याला टाक्यांसकट सेंटर फॉरवर्ड खेळवला! सेमीला गोल, फायनलला परत कोरिया समोर, तिथं पीके बॅनर्जींचा एक आणि जर्नेलचा एक, 2-1, गोल्ड मेडल. माझे वडील रेडिओवरची बातमी ऐकल्याचं सांगायचे.

सांगायचं कारण, कबड्डीवाल्याला फुल बॅक केला म्हणून तुम्ही लोक हसताय. माणूस कुठल्या जागेवरचा ह्यापेक्षा त्या दिवशी त्याच्याकडं काय आहे ते बघायचं असतं. त्या पोराकडं खांदे होते आणि कबड्डीतला पायाचा अंदाज होता. समोरचा कुठल्या पायावर वजन टाकतोय हे त्याला बॉलच्या आधी कळायचं. फुटबॉलवाल्या पोरांची नजर बॉलवर असते, ह्याची कमरेवर. सेकंड हाफला त्याच्या बाजूनं एक माणूस गेला नाही.

---

खोखोवाल्याची_आई

मुलाने लिंक पाठवली म्हणून वाचलं. मला फुटबॉलमधलं कळत नाही, ऑफसाईड तर तो दोन वर्षं समजावतोय. तुम्ही सगळ्यांनी छान लिहिलंय, वाचताना डोळ्यात पाणी आलं, पण घरची बाजू पण लिहिते.

त्या दिवशी पोरगं रात्री नऊला घरी आलं ते बूट हातात घेऊन. एकेक बूट एवढा जड की मी विचारलं ह्यात काय भरलंय. न्हाणीत नळाखाली धरायला निघाला, मी म्हटलं थांब, काळी माती ओली असताना धुतली की अख्खी मोरी तुंबते आणि शिवणीत जाऊन बसते ती वेगळीच. व्हरांड्यात पेपर कोंबून ठेवले. सकाळी वाळल्यावर बोटानं ढकललं तर मातीचा अख्खा तळवा एका तुकड्यात निघाला, त्याला स्टडची भोकं तशीच्या तशी. यजमानांनी तो तुकडा टीव्हीजवळ ठेवलाय. फेकू देत नाहीत.

दुसरं, गुडघ्याचं काय? कॅप्टनच्या आईला मी भेटले. ऑपरेशन सांगितलंय. खर्च कोण करणार ह्याचं उत्तर कुणाकडं नाही. जिंकल्यावर फोटोला सगळे आले, तो पोरगा कुबडी घेऊन कोपऱ्यात होता. तुमच्यापैकी कुणी मोठे लोक कॉलेजशी बोलू शकत असाल तर टीमचा विमा उतरवतात का ते विचारा. आम्ही विचारलं तर ऑफिसात बसा म्हणतात.

---

तालमीतला_गडी

काकू दंडवत तुम्हाला. आणि काकांना म्हणावं तो तुकडा जपा, कपाला गंज चढतोय, मातीला न्हाय.

इम्याचं खरं हाय. आमच्याकडं बी पोराचा गुडघा गेला की मंडळ वर्गणी काढतंय, तेवढ्यावरच. कॅप्टनसाठी काय काढणार असाल तर मला विपूत (विचारपुशीत) निरोप टाका, आमच्या ग्रुपवर टाकतो. कोल्हापूर सांगली मैदानात.

---

अजिंक्यतारा_खाली

सातारकर बोलतोय. आमच्या झोनला पण हीच रडकथा. आम्ही खेळायचो तेव्हा कराडकडची हॉस्टेलवाली टीम आली की मॅच आधीच हरल्यात जमा असायची. पण मूळ मुद्दा कृष्णाकाठच्या पोस्टमधे एका ओळीत येऊन गेला तोच आहे, फॉर्म. आमच्या वेळी पण कुणाचा एलिजिबिलिटी फॉर्म अडकला, कुणाची बारावीची मार्कलिस्ट झेरॉक्स नाही, कुणाचं बोनाफाईड नाही. जी तीन पोरं बसली घरी, ती असती तर 0-2 झालंच नसतं कदाचित, आणि तुम्हाला कमबॅक करायची वेळच आली नसती. कमबॅक बघायला भारी वाटतो. पण अर्धे कमबॅक ऑफिसातल्या एका सहीनं वाचवता आले असते.

फायनलचं काय झालं ते कुणी लिहिलंच नाही?

---

कृष्णाकाठचा

फायनल दुसऱ्याच दिवशी सकाळी होती. 0-3. पोरांच्या पिंढऱ्या गेलेल्या, तेरापैकी एकजण कवठेमहांकाळहून पहाटेच्या पॅसेंजरनं आला ते गाडी लेट, पहिली दहा मिनिटं त्याच्याशिवाय खेळलो. समोरची टीम चांगलीच होती, रडायचं काही कारण नाही. त्या दिवशी ऊन पडलं होतं, सगळं ग्राउंड सारखंच झालेलं, पट्टीचा उपयोग शून्य.

अजिंक्यतारा, तुमचं पटलं. फॉर्मचं ह्या वेळी जूनमधेच करायचं ठरलंय. राखीव गोलकीपर पोरगा बीकॉमला आहे, त्यानंच वही केलीय, कोणाचं काय बाकी ते लिहून. फी पावती, बोनाफाईड, मार्कलिस्ट, फोटो. ऑफिसातल्या मॅडमकडनं पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही असा त्याचा नियम आहे. सर म्हणाले हाच पुढचा कॅप्टन करा. गोलीचा नंबर लागो न लागो.

काकू, विम्याचं मी माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकलंय, दोघं प्राचार्यांना भेटणार आहेत. कॅप्टनच्या ऑपरेशनसाठी वेगळा धागा काढतो, इथं आकडे नकोत.

---

नुसताच_वाचक

मग पुढच्या वर्षी अख्ख्या ग्राउंडवर मुरूम टाका की. प्रश्न मिटला.

---

शिट्टी

अजिबात टाकू नका. मुरमावर पडलं की गुडघ्याची सालटी, आणि गोली एकदा डाईव्ह मारला की परत मारत नाही. आपल्या मातीला चर पाहिजे. कडेनं, रस्त्याच्या उलट्या बाजूला, उतार बघून हात दीड हात खोल. पाणी जायला वाट नाही म्हणून साठतं. 2019 ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली तेव्हा, जिथं 45 ला धोका म्हणतात, तेव्हा कुठला चर काय करणार नव्हता. पण दरवर्षीच्या साध्या पावसाला चर पुरतो. गोलसमोर तेवढी वाळू मिसळलेली माती भरा, बॅकपासची भांडणं कमी होतील.

---

पलीकडचा_स्टँड

गोलसमोर माती भरायला आमचा गोली यायला तयार आहे. सीरियसली. काल त्याला हा धागा दाखवला, 2019 चा नियम वाचून आधी अर्धा तास रेफरीला शिव्या घातल्या, मग जेवला.

पुढच्या वर्षी झोनल तिथंच असणार असेल तर ग्राउंड आमचं पण आहे.

---

कृष्णाकाठचा

या की! रविवारी सकाळी सातला. सरांनी कॉलेजची परवानगी घेतलीय, लेखी. फावडी आणि दोन टिकाव आहेत, घमेली कमी पडतील. चहा आमच्याकडं, भडंग तुम्ही आणा.

---

मिरजमार्गे

माझ्या पुतण्याच्या साईटवर घमेली आहेत, पाच सहा पाठवतो. परत पाहिजेत हां. मागच्या वेळी गणपती मंडळाला दिली ती अजून येताहेत.